दुसऱ्या वळणावरचा पिकअप

सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ या वेळात आमच्या गॅरेजमध्ये हातोडी चालत नाही, कॉम्प्रेसर बंद असतो आणि कोणत्याही गाडीचं इंजिन सुरू केलं जात नाही. हा नियम मामूंनी घातला. मामूंना जाऊन तीन वर्षं झाली, नियम अजून आहे. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, न्याहारीची वेळ असेल. तसं काही नाही. त्या पंधरा मिनिटांचं कारण सांगायचं तर आधी स्कूटरचं डावं झाकण उघडावं लागेल.

लिंबागणेशच्या अलीकडे एक अरुंद डांबरी रस्ता आत वळून डोंगराला लागतो. तो जिथे चढू लागतो तिथे आमची पत्र्याची शेड आहे. चढ पाऊण किलोमीटरचा, त्यात तीन वळणं. वर पठार आणि पठारावर वस्ती. पहिल्या वळणानंतर गाडी दिसत नाही, पण डोंगराचा बाक असा आहे की तिचा आवाज खाली शेडमध्ये स्पष्ट येतो. मामूंनी जागा त्यासाठीच निवडली होती. दुरुस्त केलेली गाडी गिऱ्हाइकाला वर न्यायला सांगायची आणि आपण खुर्चीत बसून ऐकायचं, ही त्यांची तपासणी.

मामू म्हणजे माझ्या आईचे भाऊ. सगळा परिसर त्यांना मामूच म्हणे. मी मूळचा बातमीदार. बीडच्या एका दैनिकात सात वर्षं होतो. बातमीत कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे या सहा प्रश्नांची उत्तरं असलीच पाहिजेत आणि खात्री न केलेला शब्द छापू नये, एवढं तिथे शिकलो. पुढे ते दैनिक बंद पडलं. मी चार महिने घरी बसलो तेव्हा मामू आले आणि घरच्या बोलीत म्हणाले, "कागदां काले करा सो बस हुआ बे. अब हातां काले कर." दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. गिऱ्हाइकं मला आजही पत्रकार म्हणतात.

आमचं खास काम बिनगिअरच्या स्कूटरचा पिकअप वाढवण्याचं. मोटरसायकलवाला चढ आला की गिअर बदलतो. स्कूटरवाल्याला तशी सोय नाही. ते काम डाव्या झाकणाखाली आपोआप होतं. आत दोन पुल्या असतात आणि त्यांना जोडणारा रुंद रबरी पट्टा. पुढच्या पुलीच्या पाठीत सहा छोटे रोलर बसतात, अंगठ्याच्या पेराएवढे. इंजिन जोरात फिरलं की हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीची तबकडी दाबतात आणि पट्टा पुलीच्या कडेकडे सरकत जातो. पट्टा आत खोल असतो तेव्हा गाडीत ताकद असते. कडेला गेला की वेग.

मामू गिऱ्हाइकाला याहून सोपं करून सांगत. "चढाला माणूस पावलं कशी टाकतो? आखूड. अन् सपाटीला? लांब. आखूडाची लांब कवा करायची, ते हे सहा जण ठरवतात."

रोलर जड असले तर गाडी लवकर लांब पावलं टाकू लागते आणि चढाला धापा टाकते. हलके असले तर पावलं बराच वेळ आखूड राहतात, इंजिन मोकळं फिरतं आणि गाडी जागेवरून झेप घेते. हाच पिकअप. बदल्यात पेट्रोल जास्त जातं, पट्टा तापतो आणि सपाटीवरचा शेवटचा वेग कमी होतो. पिकअप सगळ्यांना हवा असतो. बदल्यात काय जाणार, हे कुणी विचारत नाही. ते सांगणं हे या कामाचं अर्धं अंग आहे.

बाजारातल्या रोलरवर वजन छापलेलं असतं आणि सहा रोलर क्वचितच त्या छापील वजनाचे निघतात. मामूंनी एका सराफाकडून जुना काटा आणला होता. सोनं तोलून जुना झालेला तो काटा आमच्याकडे रोलर तोलत असे. रोलर बसवल्यावर पुलीच्या तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक रेघ ओढायची. गाडी चढावरून फिरवून आणायची आणि झाकण उघडायचं. पट्टा जिथपर्यंत सरकला तिथपर्यंत रेघ पुसलेली दिसते. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली. ही रेघ म्हणजे लेखी पुरावा. मामूंना तिची गरज नव्हती. ते खुर्चीत बसून सांगत, "दोन बोटं राह्यली बे कडेला," आणि झाकण उघडल्यावर दोनच बोटं राहिलेली असत.

गिऱ्हाइकं दुरून येत. चकलांब्याचे एक शेतकरी एकदा दोन एसट्या बदलून आले. गाडी घरीच. आधीच्या मिस्त्रीने काढलेले सहा रोलर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "ह्यांच्यात काय बिघडलं, तेवढं सांगा." एक रोलर एका बाजूने चपटा झाला होता. तो पाहून त्यांना इतकं समाधान वाटलं की दुरुस्ती तशीच राहिली. चहा घेऊन ते परतीच्या एसटीला गेले.

तलवाड्याच्या एका घरातली स्कूटर दर महिन्याला आमच्याकडे येई. एकदा कॉलेजातला मुलगा आणे, "मामू, अशी करा की पुढचं चाक उचललं पायजे." पुढच्या खेपेला वडील आणत आणि हळूच सांगत, "जड रोलर टाका. पोराला सांगू नका." मामू दोघांचंही ऐकत. मुलाचे हलके रोलर आणि वडिलांचे जड रोलर त्यांनी दोन डब्यांत ठेवले होते आणि येईल त्याप्रमाणे बदलत. वर्षभराने मी विचारलं, हे बरोबर आहे का. ते म्हणाले, "दोनों की तसल्ली होती. गाडी को क्या फरक पडता बे?" मुलगा पुढे नोकरीला पुण्याला गेला. वडील गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "आता त्याचेच टाका." ते हलके रोलर आजही त्या गाडीत आहेत.

मंगलताई आल्या तो दिवाळीनंतरचा आठवडा होता. त्या मेंढपाळाच्या घरातल्या. घर आमच्या शेडपासून कोसभर खाली, घरात आई आणि धाकटा भाऊ भागवत. लहानपणच्या पोलिओने डावा पाय अधू, त्याला लोखंडी आधाराचा कॅलिपर. चढावरच्या वस्तीत त्या अंगणवाडी सेविका होत्या. स्कूटरला मागे दोन्ही बाजूंनी आधाराची चाकं लावलेली होती. त्या चाकांचं आणि लोखंडी सांगाड्याचं ओझं घेऊन गाडी पहिलं वळण कशीबशी पार करी, दुसऱ्या वळणावर दम टाकी. तिथून पुढे भागवत ढकलत नेई. रोज सकाळी तो बहिणीच्या मागे चालत येई, गाडी वर पोचवी आणि मग मेंढरांकडे जाई.

दहा दिवसांनी त्याची मेंढरं खाली उतरणार होती. पठारावरचं गवत संपलं की हे लोक कळप घेऊन गोदाकाठच्या रानात जातात. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात. परत यायला पावसाळा उजाडतो. म्हणजे सहा-सात महिने ढकलायला कुणी नाही.

"वस्तीवरचे लोक येतील की खाली," मी म्हणालो.

"येतील. एक दिस येतील, चार दिस येतील. रोज सकाळी उठून कुणाला भाऊ म्हणायचं?" मंगलताई म्हणाल्या. "मला एकटीनं वर जायचंय. न्हाई जमलं तर काम सोडून द्यायचं ठरवलंय मी."

भागवत मागे उभा होता. तो म्हणाला, "मी तर म्हणतो, यंदा जातच न्हाई खाली."

"अन् मेंढरं काय अंगणवाडीत बसवायची का?" मंगलताई म्हणाल्या. "तू गप बस."

काम मी घेतलं. झाकण उघडलं तर सहाही रोलर घासून चपटे झालेले, पट्टा कडक. मी नवीन पट्टा टाकला. रोलर सगळे हलके निवडले, मुलांच्या गाड्यांना टाकतो तसे. मामू तेव्हा दोन दिवस बीडला गेले होते. मी गाडीवर बसलो, मागे सिमेंटची अर्धी गोणी बांधली, खालूनच पूर्ण रेस दिली आणि न थांबता वर गेलो. रेघ तपासली. हवी तिथपर्यंत पुसली होती. वहीत गाडी, वजन, रोलर, चढ, वेळ अशी नोंद केली. सगळं ठीक होतं. मी निरोप पाठवला, गाडी तयार आहे.

दुसऱ्या दिवशी मंगलताईंनी भागवतला खालीच थांबवलं आणि त्या एकट्या निघाल्या. आम्ही दोघं शेडमध्ये उभे. गाडी पहिलं वळण झपाट्याने चढली. भागवतने माझ्या पाठीवर थाप मारली. मग दुसऱ्या वळणाजवळ आवाज थांबला. वरून कापसाचा ट्रॅक्टर उतरत होता, रस्ता एकच गाडी जाईल एवढा. ट्रॅक्टर कडेला घेतल्याचं ऐकू आलं. मग स्कूटरचं इंजिन पुन्हा वाढलं, आणखी वाढलं, नुसतंच ओरडत राहिलं आणि बंद झालं. भागवत धावत सुटला.

तो पोचेपर्यंत कापसावर बसलेल्या मजुरांनी उड्या मारून गाडी वर ढकलत नेली होती. चांगली माणसं होती. हसत-खिदळत, "बस ताई, बस, फुकटात गाडी आहे," असं म्हणत त्यांनी ती थेट अंगणवाडीच्या दारात नेऊन लावली. मुलं दारात उभी राहून बघत होती. नेमकं हेच मंगलताईंना नको होतं.

दुपारी भागवतने गाडी इंजिन बंद ठेवून खाली आणली. मंगलताई उतरल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या.

"तुमी चढलात भाऊ," त्या म्हणाल्या. "मी थांबले."

एवढंच बोलून त्या बाकावर बसल्या. सात वर्षं मी लोकांना प्रश्न विचारण्याचं काम केलं होतं. या बाईंना मी कोण, काय, कधी, कुठे आणि का हे सगळं विचारलं होतं. त्या गाडी कशी चालवतात, हे विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मामू परत आले. त्यांनी मागची बाजू उघडली. मागच्या पुलीला क्लच असतो. तीन शू, तीन लहान स्प्रिंगा आणि त्यांच्यावर वाटीसारखी बसणारी बेल. इंजिन पुरेसं फिरलं की शू बाहेर येऊन बेलला आतून धरतात आणि चाक फिरू लागतं. बेल निळी पडली होती. लोखंड भाजल्याशिवाय निळं पडत नाही. शू काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मामूंनी बेल हातात फिरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलताई आल्या तेव्हा त्यांच्यापुढे धरली.

"बेटी, तू ब्रेक कावून धरतीस?"

मंगलताईंनी निळ्या बेलवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "धरते मामू. चढावर थांबलं की गाडी माघारी येती. तुमाला पाय टेकता येतो. मी काय टेकू? एकदा गेलते माघारी, पार गटारापोत. तवापासून चढ लागला की ब्रेक धरूनच रेस देते."

"अन् रेस सोडत न्हाईस."

"सोडली तर गाडी बंद पडंल की."

ब्रेकही धरलेला आणि रेसही दिलेली. इंजिन ओढतंय, चाक हलत नाही आणि मधला क्लच जळतोय. हलक्या रोलरनी इंजिन अजून मोकळं ओरडायला लागलं होतं, एवढाच माझ्या कामाचा परिणाम. मामू माझ्याकडे वळले आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, "रोलर हलका करा तो पहाड बी हलका होता क्या बे?"

मग म्हणाले, "बैठ गाडीपर."

मी बसलो. त्यांनी माझे दोन्ही पाय फूटबोर्डवर ठेवायला लावले आणि म्हणाले, आता वर जा, दुसऱ्या वळणावर थांब, पुन्हा निघ. पाय खाली टेकायचा नाही. मी गेलो. थांबलो. गाडी दोन हात मागे सरकली, आधाराचं चाक दगडावर चढलं आणि माझा पाय आपोआप खाली गेला. खाली येऊन सांगितलं तर भागवत हसला. मंगलताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता कळलं का भाऊ?"

पुढचे सात दिवस आम्ही त्या एका गाडीवर काम केलं. मंगलताईंनी रजा टाकली होती. मी रोज पाय न टेकता चढावर जात होतो आणि मामू खुर्चीत बसून ऐकत होते. नवीन शू आणि नवीन बेल टाकली. क्लचच्या तीन स्प्रिंगा जरा कडक घेतल्या, म्हणजे इंजिनाला पुरता दम आल्याशिवाय शू बेलला धरणार नाहीत आणि धरले की घट्ट धरतील. सहा हलके रोलर काढून तीन मूळ वजनाचे आणि तीन हलके, एक सोडून एक असे बसवले. असं का, हे मी विचारलं. "चढ पाऊण किलोमीटर है. बाकी का रस्ता कौन जायेगा, तेरा बाप?" घरापासून चढापर्यंतच्या सपाटीवर पट्टा उगाच तापू नये म्हणून ते होतं.

शेवटी मामूंनी जे केलं त्याला मेकॅनिकचं कामही म्हणता येणार नाही. डाव्या ब्रेकच्या दांड्याला एक छोटी पट्टी असते, दांडा दाबून ती अडकवली की ब्रेक लागलेला राहतो. मंगलताईंच्या गाडीची ती पट्टी आधाराची चाकं बसवणाऱ्याने कधीतरी तोडून टाकली होती. मामूंनी जुन्या गाडीची काढून, कानशीने घासून, ती तिथे बसवली. आता थांबल्यावर पट्टी अडकवायची आणि रेस पूर्ण सोडायची. गाडी जागची हलत नाही. निघताना रेस द्यायची, क्लचने धरल्याचा धक्का हाताला लागला की पट्टी सोडायची.

अडचण सवयीची होती. इतकी वर्षं गाडी माघारी येईल या भीतीने आवळलेली मूठ चढावर सैल सोडायची. मामूंनी त्यांना शेडसमोरच्या उतारावर तीन दिवस बसवलं. पट्टी अडकव. रेस सोड. थांब. रेस दे. पट्टी सोड. मंगलताई पट्टी अडकवत, पण रेस सुटत नसे.

"सोड बेटी."

"सोडली मामू."

"न्हाई सोडली. मला ऐकू येतंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मामूंनी नुसती मान हलवली. रेस सुटली होती.

मेंढरं दोन दिवसांनी पहाटे निघायची होती. आदल्या दिवशी सकाळी सव्वानऊला मंगलताई चढाला लागल्या. भागवत शेडमध्ये होता. मामूंनी सगळं काम बंद करायला लावलं. शेजारच्या चहावाल्याचा स्टोव्हसुद्धा बंद झाला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाशी आवाज उतरला आणि थांबला. या वेळी समोरून कुणी येत नव्हतं. त्या मुद्दाम थांबल्या होत्या.

खाली काहीच ऐकू येईना. चालू असलेल्या स्कूटरचा बारीक आवाज तिथून खाली पोचत नाही. भागवत उठला. मामूंनी त्याचं मनगट धरलं.

"बस."

"बंद पडली मामू."

"बस बे. जायचं न्हाई."

किती वेळ गेला, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. मग आवाज आला. आधी खालच्या सुरात, मग चढत चढत गेला आणि एका जागी स्थिर झाला. ओरडला नाही की अडखळला नाही. पट्टा जिथे हवा तिथे धरून बसला होता. हा आवाज शब्दांत सांगणं मला कधी जमलं नाही. तिसरं वळण गेलं आणि पठारावर तो हळूहळू विरला. मामूंनी भागवतचं मनगट सोडलं. मनगटावर ग्रीसची चार बोटं उमटली होती.

दुसऱ्या दिवशी भागवत मेंढरं घेऊन तलवाड्याच्या बाजूला उतरला. आठवड्याने सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला.

"पत्रकार, चढली का?"

"चढली."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. मग रोज त्याच वेळी येऊ लागला. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, ताईंनाच विचारत जा. तो म्हणाला, "न्हाई बाबा. तिला विचारलं तर म्हणती, मी काय लहान हाय का? शिव्या घालती. तुमीच सांगत जा. अन् तिला सांगू नका."

त्या दिवसापासून पंधरा मिनिटांचा नियम सुरू झाला. रोज सव्वानऊला शेड शांत होई. मामू खुर्चीत, मी दाराशी. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. आवाजावरून मामू सांगत, पट्टा बदलायला आलाय, पुढच्या आठवड्यात बोलव. किंवा, आज दमानं चालली, काहीतरी झालंय घरी. एकदा मी विचारलं तर खरोखरच त्यांची आई आजारी होती. साडेनऊला फोन वाजे. दैनिकात मी पहिल्या पानाच्या बातम्याही दिल्या होत्या. इतकी वाट बघितली जाणारी बातमी मी कधी दिली नव्हती आणि ती एका शब्दाची होती.

असे किती हंगाम गेले, ते वहीत आहे. मंगलताईंच्या गाडीची पानं सर्वात जास्त आहेत. दर खेपेला रोलर काट्यावर ठेवून बदलले, रेघ ओढली, पुसलेली पाहिली. शेवटच्या वर्षी मामूंना कामाला उभं राहवत नसे. ते सव्वानऊपुरते येत, ऐकत आणि घरी जात. ते गेले त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी शेड उघडली नव्हती, पण सव्वानऊला तिथे जाऊन उभा राहिलो. मंगलताई पहिल्या वळणाच्या अलीकडे थांबल्या, दाराबाहेरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी बघितलं आणि त्या वर गेल्या. आवाज नेहमीसारखाच होता. पट्ट्याबद्दल काय म्हणायचं ते मला सांगता येईना.

या वर्षी त्यांनी बॅटरीवरची स्कूटर घेतली. तिलाही आधाराची चाकं लावून घेतली. नवी गाडी दाखवायला त्या मुद्दाम शेडसमोर थांबल्या. मी डावं झाकण शोधलं. नव्हतं. पट्टा नाही, पुल्या नाहीत, रोलर नाहीत. चढावर थांबली तर गाडी आपोआप जागेवर धरून राहते. मामूंनी आणि मी सात दिवसांत जे केलं ते तिच्यात कारखान्यातूनच येतं. मला आनंद झाला. हे सौजन्य म्हणून लिहीत नाही.

"लई गुमान चालती," मंगलताई म्हणाल्या. "शेळीसुदा बाजूला होत न्हाई." मग हँडलवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता तुमाला आवाज यायचा न्हाई. मग भागवतला काय सांगताल?"

मी हातातला पाना पुसू लागलो.

"मला पहिल्या वर्सापासून ठावं हाय भाऊ. त्याच्या पोटात काय राहतंय का?" त्या हसल्या. "वर पोचले की हॉर्न देत जाईन. दोनदा."

तेव्हापासून त्या तिसऱ्या वळणाच्या वर दोनदा हॉर्न देतात. शेडमधलं काम आता निम्म्यावर आलं आहे, त्यामुळे सव्वानऊला बंद करण्यासारखं फारसं काही नसतंही. तरी मी बंद करतो. वारा पठारावरून खाली वाहत असला तर हॉर्न ऐकू येतो. उलटा असला तर येत नाही. साडेनऊला गोदाकाठून फोन येतो.

"चढली का?"

"चढली," मी सांगतो. हॉर्न ऐकला असला तरी आणि नसला तरी. खात्री न केलेला शब्द देऊ नये, हे मला कुणी नव्याने शिकवायला नको.

ज्या दिवशी हॉर्न येतो, त्या दिवशीही त्यावरून एवढंच कळतं की मंगलताई पोचल्या. दुसरं वळण त्या कशा चढल्या, ते आता मला कळत नाही.